खुर्चीपासून वीतभर

१

नवस तिनं दवाखान्याच्या जिन्यात बोलला होता. एका हातात रिकामा थर्मास, दुसऱ्या हातात नवऱ्याच्या चपला. "यांना घरी येऊ दे," ती मनात म्हणाली. "चालत नको तर बसून, पण घरी येऊ दे. वर्षभर दर सोमवारी, सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही." सोनंनाणं देवाला काय करायचंय? आपल्याकडचं जे सगळ्यात जास्त खर्च होतं तेच द्यावं, असा तिचा सरळ हिशोब. आणि तिच्याकडचं सगळ्यात जास्त खर्च व्हायचं ते बोलणं.

देवानं ऐकलं. मास्तर घरी आले. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवलेला माणूस, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. डावा हात थोडा, डावा पाय पुष्कळ गेला होता. काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जात, तेव्हा एक पाऊल पडे आणि दुसरं फरशीवरून ओढत येई. थप्, सर्र. थप्, सर्र. जीभ मात्र शाबूत.

"तुझा सोमवारचा नवस ना," ते म्हणाले, "तो नक्की माझ्यासाठीच बोललीस. तीस वर्षं मी हेच मागत होतो."

ती हसली. सोमवार होता, म्हणून नुसतीच हसली.

२

चष्मा मुलीनं आणला. मुलगी व्यायामोपचार करते, तिच्या केंद्रात पडून उठलेली माणसं पुन्हा चालायला शिकतात. चष्मा कसला, डोळे झाकून टाकणारं जाडजूड मुसकंच होतं ते. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मुलीनं त्यांच्या डोक्याला पट्टा आवळला.

"बाबा, याला पुढून कॅमेरे आहेत. ते खोली बघत राहतात. भिंत कुठे, जमीन किती खाली. त्यावरून तुमचं डोकं नेमकं कुठे आहे ते त्याला कळतं. मान वळवा. वळली ना खोली? आता पुढे वाका."

"अरे वा! टेबल जवळ आलं."

"आता खुर्चीभोवती ही निळी रेघ मी आखलीय. हात तिच्याबाहेर गेला तर जाळी दिसेल. म्हणजे भिंतीवर आपटणार नाही."

"आणि चालायचं कसं?"

"अंगठ्यानं. हातातल्या या दांडीवरचा हा खुंटा पुढे ढकलला की समोर गोल उमटेल. सोडला की तुम्ही थेट त्या गोलात. नाहीतर दाबून धरा, म्हणजे सावकाश चालल्यासारखं पुढे जाल. पण त्यानं सुरुवातीला मळमळतं. डोळे सांगतात चाललोय, अंग सांगतं बसलोय."

"आणि हे पोतं?" मास्तरांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली.

"ते खुर्चीतच."

"म्हणजे ड्रायव्हर पुढे आणि गाडी मागे. कोणी पाहिलं तर लायसन्स जाईल माझं."

चष्म्याच्या आत दुसरंतिसरं काही नव्हतं, त्यांचंच घर होतं. मास्तर दवाखान्यात असताना आणि आई भाजी आणायला गेली असताना मुलीनं त्याच चष्म्यानं सगळं घर टिपून घेतलं होतं. आपल्याच घरात फिरलं की पायाला लवकर आठवतं, असं तिचं म्हणणं.

"सगळं जिथल्या तिथं आहे गं," मास्तर बायकोला म्हणाले. "दोरीवरचा तुझा गाऊनसुद्धा. फक्त तू नाहीस."

"मी बाजारात गेले होते."

"मग घाई करू नकोस. सावकाश ये."

मुलीनं शेवटी एकच गोष्ट दोनदा सांगितली. "फिरून झालं की आधी खुर्चीपाशी परत यायचं. मग हे बटण दाबून धरायचं. तुम्ही जिथं असाल तीच जागा तो मधली मानतो, म्हणून खुर्चीतच दाबायचं. आणि मग चष्मा काढायचा. मधेच ओढून काढू नका, डोकं गरगरतं. आई, ऐकलंस ना?"

"ऐकलं गं बाई. मी काय बहिरी आहे?"

३

मास्तर रोज सकाळी चष्मा लावून बसत. ती स्वयंपाकघरातून हाक मारी, "अहो, औषध!" मग ते खुर्चीतून म्हणत, "आलो, गाडी लावतो." अंगठा हलायचा, मान वळायची, बटण दाबलं जायचं, चष्मा उतरायचा. मळमळ आठवड्यात गेली. रंगसुद्धा चांगला आला चेहऱ्यावर. ती देवापुढे हात जोडताना हल्ली मागत काही नसे, नुसती आभार मानी.

अडायचं ते सोमवारी.

हाक मारता येईना. खांद्याला हात लावावा, तर पहिल्या वेळी ते इतके दचकले की खुर्चीसकट कलंडता कलंडता राहिले. औषधाची वेळ टळून चालणार नव्हती. तेव्हा तिनं आपलं एक शोधून काढलं. मागून यायचं, पट्टा सैल करायचा आणि झोपलेल्या बाळाच्या अंगावरची दुलई काढावी तसा चष्मा हलकेच वर उचलायचा.

"काय हे!" मास्तर डोळे मिचकावत म्हणायचे. "कचकन ब्रेक मारलास. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो."

ती गोळी पुढे करायची, पाण्याचा पेला पुढे करायची. मुलीचं बोलणं तिला आठवायचं. पण डोकं गरगरतं का, असं खुणेनं विचारलं की मास्तर म्हणत, छे. मग झालं तर. नवसाला गालबोट लागलं नाही आणि औषधही चुकलं नाही.

असे बरेच सोमवार गेले.

४

खाली टेलरबाई राहतात. ब्लाउज आणायला गेली तेव्हा त्या तोंडभरून म्हणाल्या, "वहिनी, पेढे कुठायत? आम्हाला सांगितलंसुद्धा नाही!"

"कसले पेढे?"

"मास्तर चालायला लागले की! मशीन बंद केलं की ऐकू येतं ना वरचं. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून परत. काठीचा आवाजसुद्धा नाही. आधी तो पाय ओढल्याचा आवाज यायचा बघा, कसंतरी व्हायचं ऐकून. आता दोन्ही पाय कसे सारखे पडतात."

"कधी हो?"

"सकाळचे. तुम्ही असताच की घरात."

ती ब्लाउजची पिशवी घेऊन जिना चढली. मधल्या वळणावर कठड्याला धरून थोडी थांबली. सकाळी ती घरात असतेच. मास्तर खुर्चीत असतात, तेही तिच्या डोळ्यांसमोर. मग टेलरबाई ऐकतात ते कोणाचं? वरच्या मजल्यावरचं असेल. जुन्या इमारतीत आवाज कुठला कुठे उमटतो. एकदा नळ तिसऱ्या घरात सुटला होता आणि हिनं आपलं न्हाणीघर तीनदा तपासलं होतं.

असं म्हणून ती उरलेला जिना चढली. पण दुसऱ्या दिवशी मास्तर चष्म्यात असताना तिनं मिक्सर लावलाच नाही. खलबत्त्यात हलक्या हातानं कुटत राहिली, आणि मधूनमधून कुटणंही थांबवून कान देत राहिली.

हॉलच्या बाजूनं पावलं आली. अनवाणी. थप्. थप्. थप्. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि थांबली.

दारात कोणी नव्हतं. पलीकडे खिडकीजवळ मास्तर खुर्चीत बसले होते, अंगठा खुंट्यावर.

"अहो," ती म्हणाली.

"आलो, आलो," मास्तर खुर्चीतून म्हणाले. "गाडी लावतो."

पावलं दारातून वळली आणि हॉलकडे गेली. ती मोजत नव्हती, तरी तिला वाटलं, खुर्चीपर्यंत जायला हवी होती त्याच्या जरा आधीच थांबली.

५

चहाचा कप मास्तरांनी धरला नाही, कपाच्या शेजारी हवेत मूठ मिटली. मग नीट चाचपडून धरला. बोलताना ते तिच्याकडे बघेनात, तिच्या खांद्यापलीकडे बघून बोलू लागले. तिनं सरकून त्या नजरेसमोर जावं, तर नजर आणखी पलीकडे.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. म्हणाले, अशा आजारात कधीकधी एका बाजूचं भान कमी होतं, काळजी करू नका. तिनं काळजी करायची नाही असं ठरवलं. तिला ठरवता येतं. तीस वर्षांच्या संसारात तिनं कितीतरी गोष्टी केवळ ठरवून निभावल्या होत्या.

मग एका संध्याकाळी ती मास्तरांच्या पायाला तेल चोळत बसली होती. हॉलमध्ये. मध्ये जाड भिंत, आणि गॅसवर दूध.

"गॅस बारीक कर," मास्तर म्हणाले. "दूध वर आलं."

ती तेलाच्या हातानंच धावली. साय फुगून पातेल्याच्या काठाला टेकली होती. बटण फिरवलं तशी साय सावकाश खाली बसली.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. वास? उतू गेल्याशिवाय दुधाचा वास येत नाही. आवाज? दुधाला कसला आवाज! सवयीनं सांगितलं असेल. रोज याच वेळी तापवते, याच आचेवर. तीस वर्षांत माणसाला तेवढं कळतं.

"आता कशाला घाबरतेस," भिंतीपलीकडून मास्तर म्हणाले. "कपाळाला तेल लागलंय बघ."

तिनं कपाळाला हात लावला. बोटं तेलकट झाली.

६

रविवारी मात्र तिचं ठरवणं संपलं.

ती खुर्चीच्या अगदी पुढ्यात बसली होती, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. मुलीला तिचं नवं घर केंद्रापासून कसं लांब पडतंय ते मास्तरांना सांगत होती. मास्तर तिच्या केसांवरून पलीकडे बघत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"रागावलीस का गं माझ्यावर?"

"मी? छे! का?"

"मग माझ्याकडे बघून बोल ना. मघापासून पाठ करून काय बसलीस?"

तिच्या पाठीमागे स्वयंपाकघराचं दार होतं. ती वळली नाही. वळायला तिची मान तयारच होईना. तिनं मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले. ऊबदार होते, नेहमीसारखे. पण तिनं दाबले तेव्हा त्या हातांनी उलट दाबलं ते फार उशिरा. लांबच्या खोलीतल्या माणसाला निरोप पोचावा, तसं.

मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, "आई, उद्या सकाळीच येते. तू घाबरू नकोस. बाबांना भ्रम होत असेल, होतं असं. एकदा चष्म्याचंही तपासते."

दुसऱ्या दिवशी सोमवार.

मुलगी आली, आईच्या मिटलेल्या ओठांकडे बघून तिनं सुस्कारा सोडला. "आजसुद्धा? बरं, राहू दे. बाबा काय बघतात ते या फोनवर दिसेल, तू नुसता धरून ठेव." तिनं आईच्या हातात फोन दिला आणि मास्तरांना चष्मा चढवला.

"हां, हेच," फोनवर उमटलेली सूचना वाचून मुलगी म्हणाली, "तो म्हणतोय जागा बदललेली दिसते. बाबा, तुम्ही खुर्चीपाशी नाहीच आहात. मधेच कोणी चष्मा काढत होतं का?"

आईनं मान खाली घातली.

"अगं आई! तरी सांगितलं होतं. जाऊ दे, सोपं आहे. इथूनच सुरू करायचं का विचारतोय. बटण दाबून धरलं की झालं."

आईचं लक्ष फोनकडे गेलं. फोनमध्ये त्यांचा हॉल होता, स्वयंपाकघराच्या दारातून दिसतो तसा. तोच गालिचा, तेच टेबल. ते घर टिपलं तेव्हा घरात माणूस नव्हतं. आता होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत एक थोराड माणूस तोंडावर चष्मा लावून बसला होता, त्याच्याजवळ मुलगी वाकली होती. आणि अलीकडे, पाठमोरी, हातात काहीतरी धरून, मान खाली घातलेली एक बाई उभी होती. तिच्या ब्लाउजला मागं सेफ्टी पिन होती. आज सकाळीच हूक तुटला होता.

फोनमधलं चित्र किंचित पुढे सरकलं. बाईची पाठ जवळ आली. आईच्या मागे, अगदी मागे, फरशीवर एक पाऊल पडलं.

थप्.

"दाबते हं बाबा," मुलगी म्हणाली.

जिथं असाल तीच जागा तो मधली मानतो. आईला सगळं एकदम कळलं असं नाही. एवढंच कळलं की हे बटण आता दाबलं तर मास्तर कायमचे तिकडचे होतील. खुर्चीत जे उरेल त्याला ती जेवू घालील, न्हाऊ घालील, आणि ते तिच्या पाठीशी बोलत राहील.

"थांब!" ती ओरडली.

मुलीचा हात बटणावरून उडाला. सोमवारी, भर सकाळी, आईचा आवाज! वर्षभराचा नवस एका शब्दात मोडला. पण देव म्हणजे काही हजेरी घेणारा मास्तर नव्हे, हे तिला तेव्हाच ठाऊक होतं आणि अजूनही आहे.

७

"अहो," तिनं हाक मारली. मागे वळून नाही. समोर, खुर्चीकडे तोंड करून. "अहो, इकडे या."

तिनं आणखी दोनदा हाक मारली. मग खुर्चीतल्या ओठांतून आवाज आला. "इथं पाय चालतो गं."

तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"कळतंय मला."

"दोन्ही चालतात. परवा टाचा उंचावून माळ्यावरचा डबासुद्धा बघितला."

"कळतंय हो. पण तिथं मला तुमचा चेहरा दिसत नाही. मी कुणाशी बोलू? पाय ओढत का होईना, इकडे या."

"आई," मुलगी कुजबुजली, "तू कोणाशी..." आणि तेवढ्यात तिनंही ऐकलं. आईच्या मागून निघालेली पावलं तिच्या डावीकडून पुढे गेली. गालिच्यावर आली तेव्हा दबली. मास्तरांचा अंगठा खुंट्यावर नव्हता, दोन्ही हात मांडीवर मोकळे होते. मुलीनं बापाच्या हातांकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं, आणि मट्‌कन खाली बसली.

"अहो, या."

एक पाऊल. मध्ये थांबणं. आणखी एक. शेवटचं पाऊल पडलं तेव्हा त्याचा दुसरा जोडीदार तसा पडला नाही, फरशीवरून ओढत आला. सर्र.

आणि तिथंच थांबलं. खुर्चीच्या हातापासून वीतभर अंतरावर.

तिनं पुष्कळ हाका मारल्या. त्या दिवशी त्याहून जवळ काही आलं नाही. मुलीनं बटण न दाबता चष्मा काढला आणि खोक्यात भरून नेला.

तेव्हापासून मास्तर बायकोच्या डोळ्यांत बघतात. अगदी डोळ्यांत नाही, कानाच्या पाळीशी. कप धरायला हात पुढे करतात तो कपाच्या किंचित अलीकडे मिटतो आणि मग तीच कप त्या मुठीत सारते. खालच्या टेलरबाई म्हणतात, मास्तरांचं परत पहिल्यासारखंच झालं वाटतं, पाय ओढल्याचा आवाज येतो. वाईट वाटतं त्यांना. हिला तो आवाज ऐकून रोज धीर येतो, फक्त तो येतो तेव्हा खुर्चीकडे बघायचं ती टाळते. कारण तेव्हा मास्तर खुर्चीत बसलेले असतात.

मौन सुटलं. आता तिनं दुसरा नेम धरला आहे. सकाळी उठल्यावर, गोळी देताना, दिवा मालवताना, ती आधी हाक मारते आणि ओ येईपर्यंत त्यांच्या अंगाला हात लावत नाही. कधी ओ पटकन येते, कधी पाणी उकळून आटेपर्यंत येत नाही. ती पदराला हात पुसत थांबते. वीत म्हणजे काही मोठं अंतर नाही, असं तिचं म्हणणं आहे, आणि देवालाही ती तेच सांगते.

तुमच्या घरीही कुणी डोळे झाकून असं बसल्या जागी लांब जात असेल. जेवण निवत असेल, वेळ टळत असेल, तुमचा काही नेम असेल. तरी एवढं करा. पट्ट्याला हात घालण्याआधी त्या माणसाला हाक मारा. ओ येऊ द्या. आणि ती ओ कुठून आली, तेवढं नीट ऐका.